वडगावच्या मागाच्या शेडमध्ये दहा कॉम्प्युटर: माझा अनुभव

आमच्या घरामागं मागाची शेड आहे. बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात अशा शेडी गल्लोगल्ली सापडतात. आमचे माग विकून झाले, शेड रिकामी पडली, आणि दिवाळीला पुण्याहून, बेंगळूरहून, गोव्याहून घरी येणाऱ्या आम्हा मित्रांना एकत्र बसून खेळायला जागा हवीच होती. त्या शेडमध्ये दहा जण आपापले कॉम्प्युटर आणून एका नेटवर्कवर खेळतील अशी सोय मी केली. ती कशी केली, कशाच्या पाठोपाठ काय केलं, ते सांगतो. आपल्या भागात कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल.

घरोघरी बसून ऑनलाइन खेळता येतंच की, असं बरेच जण म्हणाले. येतं. पण शेजारी बसलेल्याला हरवल्यावर त्याचं तोंड बघण्यात जी मजा आहे ती हेडफोनमधून येत नाही. आणि खेळाच्या वेगाचंही आहे. इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायला जे मिलिसेकंद लागतात ते कमी-जास्त होत राहतात, वायफायवर तर फारच. एका छताखाली, एका स्विचला (सगळ्या नेटवर्क केबली जोडायच्या डब्याला) जोडलेल्या दोन कॉम्प्युटरांमध्ये पिंग करून, म्हणजे निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजून बघा, एक मिलिसेकंदसुद्धा दाखवत नाही. बाहेरच्या देशांत हा छंद फार मोठा झालाय. स्वीडनमधली ड्रीमहॅक नावाची अशीच जत्रा १९९४ साली मालुंग गावातल्या एका शाळेत सुरू झाली, आणि पुढं योनशोपिंगच्या प्रदर्शन-सभागृहात हजारो लोक स्वतःचे कॉम्प्युटर घेऊन यायला लागले. आपल्याला तेवढं नको. दहा पुरेत.

अशा कामात सगळ्यांचं लक्ष आधी राऊटर-स्विचकडं जातं. राऊटर-स्विच ठेवायची, दिवे लुकलुकणारी रॅक, तिचा फोटो, केबलींचे नीटनेटके जुडगे. मलाही ते सगळं आवडतं. तरी माझं ठाम मत आहे की पहिला पैसा वायरिंगवर आणि अर्थिंगवर घालावा. आमचे वायरमन मामा गोकाककडचे. शेडमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, "मशीन नंतर दाखीव. आधी भार किती ते सांग की रे."

भाराचा हिशेब असा. खेळताना एक कॉम्प्युटर आणि त्याचा मॉनिटर मिळून साधारण ३०० वॅट धरले तर दहांचे ३००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असं लावत गेलं तर पहिल्या बोर्डाची वायर तापणारच. शेडचं मागाचं जुनं मीटर आम्ही माग विकल्यावर परत केलं होतं. ते असतं तरी त्यावर कॉम्प्युटर चालवणं बरोबर नव्हतं, तो वीजदर मागासाठीचा. म्हणून घरच्या थ्री फेज मीटरवरून, मंजूर भार किती आहे ते बिलावर बघून, शेडपर्यंत ४ चौरस मिलिमीटरच्या दोन नव्या लाइन ओढल्या. प्रत्येक लाइनला १६ अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच), आणि पाच-पाच कॉम्प्युटर वाटून दिले.

इथं एक गोष्ट मामांनी शिकवली, ती फारशी कुणी सांगत नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळं अगदी थोडी वीज कायम अर्थिंगमध्ये जात असते. एका कॉम्प्युटरची काहीच नाही. पण दहांची मिळून एकाच आरसीसीबीवर (अर्थिंगमध्ये वीज गळाली की पडून लाइन तोडणारा स्विच) आली तर काही बिघाड नसताना ती पडू शकते, कारण घरातली आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते. म्हणून दोन्ही लाइनींना वेगवेगळी आरसीसीबी बसवली. अर्थिंगचा खड्डा शेडमागं नवा घेतला, मीटर लावून त्याचा रोध मोजला (तो जितका कमी तितकं चांगलं), आणि आकडा मनासारखा आल्यावर मामा म्हणाले, "बरोबर ऐती", म्हणजे बरोबर आहे. त्यानंतरच मी पहिला कॉम्प्युटर शेडमध्ये नेला.

आता केबल. घरापासून शेडपर्यंत मध्ये परडं आहे. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते आणि आमचं अंतर त्याच्या निम्मंही नाही, तरी तिथं मी फायबर, म्हणजे काचेतून प्रकाशानं माहिती नेणारी केबल टाकली. कारण एप्रिल-मेचा वळीव. बेळगावात वळिवाच्या विजा कशा कडाडतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. घराची अर्थिंग वेगळी, शेडची वेगळी. जवळपास वीज पडली की दोन्हींच्या जमिनीतला व्होल्टेज क्षणभर वेगवेगळा होतो, आणि मध्ये तांब्याची तार असली तर तो फरक त्या तारेतून धावतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जाळतो. काचेतून वीज वाहत नाही. फक्त फायबर घेताना बघून घ्यावं लागतं. केबलवाले खांबावरून घरात आणतात त्या फायबरला बऱ्याचदा आधारासाठी पोलादी तार असते, ती तशीच आत नेली तर फायबर टाकण्याचा अर्थच उरत नाही. मी धातू नसलेली, फायबरग्लासचा आधार असलेली घेतली. पाइपात घालून तुळशीकट्ट्याच्या कडेनं जमिनीत पुरली, आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीन (काच वितळवून सांधणारं) असलेल्या एका केबलवाल्याकडून जोडून घेतली.

फायबरच्या टोकांबद्दल एक सांगतो. हिरव्या रंगाचं कनेक्टर आणि निळ्या रंगाचं कनेक्टर दिसायला सारखंच असतं, एकमेकांत बसतंसुद्धा. पण हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही एकत्र लावली की मध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि काच खराब होते. दुकानात मागताना रंग सांगूनच मागावं.

शेडच्या आतली केबल कॅट ६, हा तांब्याच्या नेटवर्क केबलचा एक प्रकार. खरेदीला गेलो तेव्हा एका दुकानात केबलची फारच स्वस्त पेटी निघाली. एक तार सोलून पात्यानं खरवडली तर वरचा तांबूस रंग जाऊन आत पांढरं दिसलं. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार वजनाला हलकी लागते, वाकवली की मोडते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज द्यायची म्हटलं की तापते. पेटी तिथंच ठेवली आणि शुद्ध तांब्याची दुसरीकडून घेतली. भिंतीवरून नेताना विजेच्या पट्टीपासून एक वीतभर लांब नेली, आणि जिथं ओलांडावीच लागली तिथं काटकोनात ओलांडली.

कनेक्टर बसवायचं काम बाबांनी केलं. मी त्यांना करा म्हटलं नव्हतं. शेडमध्ये मी खुर्ची टाकून बसलो होतो, ते येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघितलं, आणि म्हणाले, "रंग लावून देत जा, ओवतो मी." त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. नवा बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) चढवताना संपलेल्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एकेक टोक नव्या ताण्याला जोडायचं, तुटलेला धागा चालू मागात सापडवून सांधायचा, हेच त्या बोटांनी केलेलं. वरचं आवरण इंचभर सोलायचं. आत चार जोड्या, पिळलेल्या. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. मग डावीकडून पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा चिमटीत धरून सपाट करायच्या, टोकं एका रेषेत कापायची, आणि कनेक्टरमध्ये सरकवायच्या, पुढच्या प्लॅस्टिकमधून तांब्याचे आठ ठिपके चमकताना दिसेपर्यंत. वरचं आवरण कनेक्टरच्या आतल्या खाचेखाली आलं पाहिजे, म्हणजे ओढ बसली तरी ताण तारांवर येत नाही. बाबा चष्मा कपाळावर सरकवून तार डोळ्याजवळ नेत आणि दाबण्याआधी प्रत्येक वेळी ठिपके बघत.

"हिरवा मधून का फुटला?" त्यांनी विचारलं. हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी असतात, त्यांच्या मध्ये निळी जोडी. मी सांगितलं की ती जोडी आतून एकत्रच पिळलेली राहते आणि म्हणूनच शेजारच्या जोडीतला सिग्नल तिच्यात शिरत नाही. कुणी सोपं वाटावं म्हणून दोन्ही टोकांना रंग ओळीनं लावले तर केबल तपासायच्या टेस्टरचे आठही दिवे क्रमानं लागतात, केबल चांगली आहे असंच वाटतं, पण गिगाबिटच्या (१००० एमबीपीएस) वेगाला चालत नाही. टेस्टर फक्त तार तुटली का ते सांगतो. खरी परीक्षा म्हणजे मोठी फाइल पाठवून बघणं. बाबांना हे लगेच पटलं. कापड विणून झाल्यावरच चूक दिसते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

बाकीच्या वस्तूंचं फार सांगण्यासारखं नाही. चोवीस पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, जुन्या कॉम्प्युटरचा केलेला सर्व्हर, आणि त्या दोघांना व फायबरच्या पेटीला (प्रकाशाचे विजेचे सिग्नल करणारी) एक यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी सर्व्हर झटक्यात बंद पडत नाही. पाहुण्यांसाठी स्विचवर वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क ठेवलंय. दहा घरांतले कॉम्प्युटर, कुणात काय व्हायरस असेल सांगता येत नाही. आमच्या घरचे फोटो आणि कॅमेरे त्यांना दिसायचं कारण नाही. मात्र खेळणारे सगळे एकाच व्हीलॅनमध्ये हवेत. जुने खेळ "इथं कुणी गेम उघडलाय का" अशी हाक सगळ्या नेटवर्कला मारतात आणि ती हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही.

आमच्याकडं आवडीचे खेळ जुनेच, काउंटर-स्ट्राइक १.६ आणि १९९९ चं एज ऑफ एम्पायर्स २. कुणाला सर्व्हर दिसत नसेल तर आधी दोन गोष्टी बघाव्यात. विंडोजनं नव्या नेटवर्कला पब्लिक समजून फायरवॉल लावलेलं असतं, ते प्रायव्हेट करावं. आणि कॉम्प्युटरवर व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कला जोडून देणारं सॉफ्टवेअर) किंवा व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरात दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचं खोटं नेटवर्क कार्ड तेवढ्यापुरतं बंद करावं, कारण खेळ त्याच कार्डातून हाक मारत बसतो. ऑफिसचा लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच.

नवीन खेळ खेळायचे तर डाउनलोडचा प्रश्न येतो. ५० जीबीचा खेळ १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर एकाला उतरवायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि दहा जणांनी एकदम सुरू केलं तर रात्रच संपते. यासाठी लॅनकॅश नावाची मोफत सोय सर्व्हरवर बसवली. पहिल्यानं उतरवलेला खेळ ती स्वतःकडं ठेवते आणि पुढच्याला घरातूनच देते. गिगाबिटवर तोच खेळ आठेक मिनिटांत येतो.

पाडव्याच्या रात्री सगळे जमले. आईनं आणि काकूनं फराळाचे डबे शेडमध्येच आणून ठेवले. गल्लीतली पोरं किल्ल्यावरचे मावळे सोडून दारात उभी होती, त्यांना एक कॉम्प्युटर मोकळा करून दिला. मध्ये एकदा लाईट गेली आणि आल्यावर सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू केले तरी कुठलीच एमसीबी पडली नाही. मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त समाधान ह्याचं वाटलं.

त्या रात्रीपासून आमच्यात एकमेकांची नेटवर्कं बघायला जायची पद्धत पडलीय. निपाणीच्या मित्राचं घर म्हणजे जुनी तंबाखूची वखार. त्यानं रॅक सागवानी कपाटात बसवलीय, दाराला बारीक जाळी, खाली पंखा आत हवा ढकलणारा, त्यामुळं धूळ दारातच अडते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना त्यानं नंबर घातलेत आणि कपाटाच्या आत वहीचं पान चिकटवलंय, कुठला नंबर कुठल्या खोलीत ते लिहून. एवढं नीट काम मी दुसरीकडं बघितलेलं नाही.

खानापूरच्या मित्राची अडचण वेगळी. तिकडं पावसाळ्यात लाईट गेली की तासन्‌तास येत नाही. त्याचा राऊटर, फायबरची पेटी आणि छोटा स्विच तिन्ही १२ व्होल्टचे. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून पुन्हा अॅडॉप्टरनं १२ करण्यात बॅटरी वाया जाते, म्हणून त्यानं तिन्हींना १२ व्होल्टच्या बॅटरीवरून, मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर आणि फ्यूज घालून, थेट वीज दिलीय. बाहेर मिट्ट काळोख आणि त्याच्या घरात नेट चालू.

पुढचा जमाव त्याच्याच घरी करायचा बेत आहे. घर जांभ्याचं, भिंती जाड, त्यामुळं वायफायचा विचारच नको. केबल माळ्यावरून वाशांच्या कडेनं न्यायची असं ठरलं. त्याची अर्थिंग मात्र जुनी आहे, मोजल्यावर आकडा फार जास्त आला. मामांना विचारून ठेवलंय. वळीव लागायच्या आत नवा खड्डा घ्यायचा, मग केबल.