तुम्ही विचारलंत म्हणून: तो जोकर कितीला पडला?

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक जोकर आहे. पांढरा फटक चेहरा, लाल नाक, डोक्यावर टोपी, नाकापासून हनुवटीपर्यंत दोन खोल रेघा आणि डोळे असे की जणू पंधरा दिवस झोपलेला नाही. घरी कुणीही आलं, म्हणजे भारतातून पॅरिस बघायला आलेले नातेवाईक तर हमखास, की चहा हातात घेतल्या घेतल्या दोन प्रश्न येतात. एक, हे ओरिजिनल आहे का? आणि दोन, कितीला पडलं? काकालोक दुसरा प्रश्न आधी विचारतात. मावशीने तिसराच विचारला होता, "अगं, घरात रडका जोकर कशाला? एखादा गणपती लाव की." गणपती आहे मावशी, आतल्या खोलीत आहे.

इतक्या वेळा सांगून झालंय की एकदा लिहूनच टाकते.

चित्र बर्नार ब्युफेचं. हो, तोच बुफे, लग्नातल्या जेवणाचा, स्पेलिंगही तेच, आता काय करणार. 1928 साली पॅरिसमध्ये जन्मला, सतराव्या वर्षी आई गेली, विसाव्या वर्षी, म्हणजे 1948 मध्ये, त्याला समीक्षकांचं मोठं बक्षीस मिळालं. नुकतंच युद्ध संपलेलं, लोकांनी उपासमार बघितलेली, आणि हा पोरगा हाडकुळी माणसं, रिकामी टेबलं, ताटातला एकच मासा असलं काहीतरी काळ्या टोकदार रेघांनी काढत होता, रंग असून नसल्यासारखा. लोकांना वाटलं, हा आपलंच काढतोय. 1955 मध्ये इथल्या एका कलामासिकाने युद्धानंतरच्या चित्रकारांचा कौल घेतला तर पहिला नंबर याचा. आणि त्याच सुमाराला त्याने जोकर काढायला घेतले.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आपल्याला जोकर म्हटलं की एकच आठवतो, पडणारा, मार खाणारा. मी सांगलीकडची, सर्कशीच्या विष्णुपंत छत्र्यांच्या मुलखातली, पण मलाही हे इथे येऊन कळलं की फ्रेंच सर्कशीत जोकर दोन असतात. एक पांढऱ्या तोंडाचा, उंच टोपी, चमचमता झगा, शहाणा आणि शिष्ट. दुसरा ओग्युस्त, लाल नाक, ढगळ कोट, पायात बोटीएवढे बूट, तो सगळी गडबड करतो आणि पांढरा त्याला झापतो. ब्युफेने दोघांनाही काढलं पण दोघांनाही खेळ संपल्यावरचं काढलं, रंग पुसायच्या आधीचं. निदान मला तरी तसं दिसतं. हसवणं कुठेच नाही.

तर द्रुओची गोष्ट. माझं ऑफिस तेव्हा रिशेल्यू-द्रुओ मेट्रोजवळ होतं आणि दोन मिनिटांवर द्रुओ, म्हणजे पॅरिसचं लिलावघर, 1852 पासूनचं. लोकांना वाटतं तिथे हिरे घातलेल्या बायकाच जातात, तसं काही नाही, लिलावाच्या आदल्या दिवशी सगळं मांडून ठेवतात, तिकीट नाही, कुणी विचारत नाही तुम्ही कोण, आत जा आणि बघा, एका खोलीत कुणाच्यातरी आजीची कपाटं आणि चमचे, शेजारच्या खोलीत आफ्रिकन मुखवटे. मी लंच ब्रेकला सँडविच संपवून तिथे भटकायचे, म्युझियमपेक्षा मला ते जास्त आवडतं कारण तिथे चित्रं नोकरी शोधायला आलेल्या माणसांसारखी भिंतीला टेकून उभी असतात.

अशाच एका दुपारी तो दिसला. ऑइल, कॅनव्हासवर, चांगला मोठा, आणि सही एवढी मोठी की तीही चित्रातच धरावी लागते, ती त्याची काटेरी तारेसारखी अक्षरं. जोकरचं एस्टिमेट, म्हणजे लिलावाआधी धरलेली अंदाजे किंमत, आमच्या फ्लॅटच्या डाउनपेमेंटच्या कितीतरी पुढचं. म्हणजे घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण मी कॅटलॉग मागून घेतला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, बहुतेक डीलर असावेत, मला फुकटात शिकवणी दिली. म्हणाले, मादाम, चित्र नंतर बघा, आधी नावाच्या आधी काय लिहिलंय ते बघा.

आणि खरंच, सगळा खेळ तिथे आहे. फ्रान्समध्ये 3 मार्च 1981 चा एक सरकारी हुकूम आहे, लिलावात आणि दुकानात कुठल्या शब्दाचा काय अर्थ ते त्यात बांधून दिलंय. नुसतं चित्रकाराचं नाव लिहिलं असेल, किंवा 'द' किंवा 'पार' असेल, तर ते त्यानेच काढलंय अशी हमी, नाही निघालं तर विकणाऱ्याला धरता येतं. 'आत्रिब्युए' लिहिलं तर काळ तोच आणि चित्र त्याचंच असण्याची भक्कम शक्यता, पण छातीठोक नाही. आणि 'दाप्रे', म्हणजे त्याच्यावरून, किंवा 'त्याच्या शैलीत', असं काही असेल तर कसलीच हमी नाही, सहीसारखं काहीतरी दिसत असलं तरी. दोन अक्षरांचा फरक आणि किमतीत शून्यांचा. आपल्याकडे सातबारा वाचतात तसा इथे कॅटलॉग वाचायचा. (आणि जी किंमत हातोडी पडताना ऐकू येते ती खरी किंमत नाहीच, घेणाऱ्याला वर साधारण पाव हिस्सा आणखी द्यावा लागतो, लिलाव करणाऱ्यांची फी. हे ऐकून आमचे काका म्हणाले, म्हणजे ब्रोकरच की.)

दुसऱ्या दिवशी मी मीटिंग आहे असं सांगून लिलावाला गेले. कधी सांगितलं नव्हतं हे ऑफिसात. दीड मिनिटात संपलं. एक बाई फोनवर कुणाशी तरी कुजबुजत हात वर करत होत्या, पुढच्या रांगेत एक तरुण मुलगा होता, तो मध्येच थांबला, फोनवाल्याला मिळालं, एस्टिमेटच्या वर जाऊन. टाळ्या नाहीत काही नाही, लगेच पुढचा लॉट, एक फुलदाणी.

मजा अशी की वीसेक वर्षं आधी हे चित्र कदाचित एवढं गेलं नसतं, कारण ब्युफेचं नाव घेणं म्हणजे इथे शिकल्यासवरल्या लोकांत जरा लाज वाटायची गोष्ट होती. माझे फ्रेंच सहकारी अजून हसतात. त्याचं कारण माझ्या सोफ्याच्या वर आहे. हाच जोकर पोस्टर होऊन, पोस्टकार्ड होऊन घराघरात गेला, डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये गेला, आणि जी गोष्ट सगळ्यांच्या आजीकडे आहे ती भारी कशी असणार? शिवाय 1956 मध्ये एका साप्ताहिकाने त्याचे बंगल्यासकट आणि रोल्स रॉइससकट फोटो छापले, भुकेल्या माणसांचा चित्रकार आणि दारात रोल्स, झालं, संपला. हे मला अन्यायाचं वाटतं. गरिबी काढणाऱ्याने गरीबच राहावं अशी आपल्याकडेही अपेक्षा असते, तमाशातल्या कलावंतांबद्दल लोक काय बोलतात आठवा.

पण अर्धा दोष त्याचाही. मोरिस गार्निए नावाचा त्याचा गॅलरीवाला दरवर्षी त्याचं नवीन प्रदर्शन लावायचा, नंतर तर फक्त त्याचीच चित्रं विकायला लागला, आणि ब्युफे काढत राहिला, काढत राहिला, हजारोंनी. 1955 चे जोकर बघा, चेहरा माणसाचा आहे. पुढच्या काळातले काही बघितले की मला गणपतीच्या कारखान्यात रंगवायला मांडलेल्या मूर्ती आठवतात, सगळ्यांना एकाच बैठकीत डोळे काढल्यासारखे. लिलावात मात्र हेच जोरात जातात, 1991 मधला एक सॅक्सोफोनवाला जोकर 2016 मध्ये लंडनला दहा लाख पौंडांच्या वर गेला. त्याच वर्षी पॅरिसच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, जपानमध्ये तर 1973 पासून एका बँकवाल्याने त्याच्या एकट्याच्या नावाचं म्युझियम उभं केलेलं होतं. म्हणजे फ्रान्सला जपान्यांच्या मागून चाळीस वर्षांनी जाग आली.

ओरिजिनलचा विषय निघाला की मला दुसरा एक जोकरवाला आठवतो, जॉर्ज रुओ. ब्युफेच्या आधीच्या पिढीतला, लहानपणी काचचित्रांच्या कारखान्यात उमेदवारी केलेला, त्यामुळे त्याच्या जोकरांना चर्चच्या खिडकीसारख्या जाड काळ्या कडा. त्याची अर्धवट चित्रं व्होलार नावाच्या डीलरकडे पडून होती, व्होलार 1939 मध्ये गाडीच्या अपघातात गेला, वारस म्हणाले चित्रं आमची. रुओ कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, चित्र पूर्ण झालं असं चित्रकार म्हणेपर्यंत ते त्याचंच, आणि 1947 मध्ये तो जिंकला. चित्रं परत मिळाली तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता, म्हणाला आता ही पूर्ण करणं माझ्याच्याने होणार नाही, आणि 1948 मध्ये त्यातली 315 चित्रं साक्षीदारांसमोर भट्टीत घालून जाळली. तीनशे पंधरा! कुणाकडे त्यातलं एक जरी असतं तर पुढच्या पिढ्यांनी बसून खाल्लं असतं. एकाने अपुरं ते जाळलं आणि दुसऱ्याने काढलेलं सगळं विकलं, आणि मी कितीही प्रयत्न केला तरी मला रुओचा मान वाटतो आणि ब्युफेचं वाईट वाटतं. शेवटी पार्किन्सनने ब्युफेचा हात चालेना, आणि 1999 मध्ये त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. त्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला चित्र काढण्याशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं. त्याच्याबद्दल "मशीन होता" असं कुणी म्हणालं की मला हे सांगावंसं वाटतं, पण पार्टीत कुठे सांगणार.

तर लिलावानंतरच्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन व्हांवच्या जुन्या बाजारात गेले, फुटपाथवर भरतो तो, सकाळी लवकर गेलात तर बरं मिळतं. तिथे एका माणसाकडे जुनी टोस्टर, विणकामाची मासिकं आणि ह्या सगळ्यात हा. छापील पोस्टर, फ्रेम केलेलं, कडेला ऊन लागून पिवळं पडलेलं. लिथोग्राफ, म्हणजे चित्रकाराने सही करून नंबर घातलेली मोजकी छापील प्रत, वगैरे काही नाही, नंबर नाही, पेन्सिलीची सही नाही, जी सही दिसते ती चित्रातलीच, छापलेली. 'दाप्रे'सुद्धा म्हणायची लायकी नाही त्याची. विकणारा म्हणाला, "मादाम, माझ्या आजीच्या घरातलं आहे." मी म्हटलं, माहितीये.

पन्नास म्हणत होता, चाळीसला दिलं, युरो, फ्रेमसकट. काच कोपऱ्यात तडकलेली आहे, ती बदलायची अजून राहिलीय.