बॅलराटचं लोकशाही संग्रहालय शोधू नका, झेंडा बघायला जा

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बॅलराट या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावाला निघालेल्यांनी आधी हे पक्कं करा: ‘म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलियन डेमोक्रसी ॲट युरेका’ आता नाही. २०१३ साली उघडलं, २०१८ साली बंद झालं. त्याच जागी आता ‘युरेका सेंटर’ आहे आणि १८५४च्या खाणकामगारांच्या उठावाचा, म्हणजे युरेकाचा, झेंडा तिथेच ठेवलाय. आम्ही मेलबर्नमध्ये एका एजंटाकडून पास घेतला, त्यावर हेच नाव छापलेलं होतं. प्रत्यक्षात दारावर पाटी ‘युरेका सेंटर’ची आणि तो पास तिथे चालेना. तिकीट पुन्हा काढावं लागलं. परत आल्यावर एजंटाने पैशांचा विषयही काढू दिला नाही. असले पास अजिबात घेऊ नका, तिकीट तिथेच जाऊन काढा. नेटवर शोधताना कॅनबेराच्या जुन्या संसद भवनातलं लोकशाही संग्रहालयही याच नावाने समोर येतं. ते चालू आहे, पण ते वेगळं.

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून गाडी मिळते, साधारण दीड तास लागतो, मायकी (तिथलं प्रवासाचं कार्ड) चालतं. त्यात काही अडचण नाही. त्रास पुढे आहे. स्टेशनपासून सेंटर अडीच-तीन किलोमीटर, नकाशावर किरकोळ वाटतं. मेन रोड सोडून युरेका स्ट्रीटला लागलं की चढ सुरू होतो. जुलैमध्ये तिथे पाऊस आणि वारा एकदमच अंगावर येतात, आडोसा म्हणून काही नाही. बॅलराट चारशे मीटरहून उंचावर आहे, मेलबर्नमध्ये पुरलेलं जाकीट इथे कामाचं नाही. छत्री उलटते, रेनकोटच हवा. सोबत वयस्कर माणसं असतील तर सरळ टॅक्सी करा. मी तर पोचेपर्यंत चिडलेलेच होते.

आणि मग झेंडा बघितला. अंधाऱ्या खोलीत, मंद उजेडात, जवळजवळ चार मीटर लांब. निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि पाच तारे. कडा फाटलेल्या, मोठा भाग गायबच, कारण वर्षानुवर्षं लोक आठवण म्हणून तुकडे कापून नेत होते. सोनं मिळो न मिळो, खाणकामगारांना परवान्याचे पैसे, सुरुवातीला महिन्याला तीस शिलिंग, भरावे लागत आणि मत द्यायचा हक्क नव्हता. त्याविरुद्ध ते याच झेंड्याखाली उठले आणि कुंपण घालून बसले. ३ डिसेंबर १८५४च्या पहाटे सैनिक आणि पोलीस त्यांच्या कुंपणावर तुटून पडले, वीसहून जास्त खाणकामगार मेले. देशद्रोहाचा खटला चाललेले सगळे तेरा जण सुटले. एक हात गमावलेला त्यांचा म्होरक्या पीटर लेलर पुढे व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा सभापती झाला. हे सगळं डोक्यात असताना त्या चिंध्यांसमोरून पाय निघत नाही.

संग्रहालय का टिकलं नाही? अपेक्षेइतके लोक आले नाहीत आणि खर्चाचा भार वाढत गेला. माझं स्पष्ट मत: पडद्यांवरून साऱ्या जगाची लोकशाही शिकवण्याचा तो घाट होता, आणि लोकांना याच जमिनीवर काय घडलं ते हवं होतं. तरी बंद पडल्याचं मला वाईट वाटतं. लोकशाहीसाठी राजधानीबाहेर, एका खाणगावात, स्वतंत्र संग्रहालय उभं करावंसं वाटणं हीच मोठी गोष्ट होती.

बाहेरच्या बागेतलं स्मारक चुकवू नका. त्यावर खाणकामगार आणि सैनिक, दोन्हीकडच्या मृतांचं स्मरण आहे.

जुन्या पुस्तकांत झेंडा लिडियार्ड स्ट्रीटवरच्या आर्ट गॅलरीत असल्याचं लिहिलेलं सापडेल. तो आता तिथे नाही. गॅलरी स्टेशनजवळच आहे, गाडीला वेळ असेल तर बघा. सॉव्हरिन हिलला, म्हणजे सोन्याच्या काळातल्या गावाच्या खुल्या संग्रहालयाला, मात्र पूर्ण वेगळा दिवस द्या. ते आणि युरेका सेंटर एका दिवसात कोंबलंत, तर झेंड्यासमोर घाईत उभे राहाल.