एका इंचाने फुगलेली मशीन

मृग बहाराचा संत्रा आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चला तोडणीला येतो. सगळ्यांचा माल एकदमच बाजारात उतरतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो. महिना-दीड महिना फळ थांबवता आलं असतं तर, ही हळहळ दरवर्षीची. म्हणून वरुडजवळच्या एका गावातल्या शेतकऱ्यांनी गट करून लहानसं शीतगृह बांधायचं ठरवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मी अमरावतीत शीतयंत्रणेची कामं करतो. कोटेशन त्यांनी दुसरीकडून घेतलं होतं. बँकेत अर्ज टाकण्याआधी कागद एकदा नजरेखालून घालायला मला बोलावलं होतं.

कागदावर पंधरा टनांची मशीन होती. हा टन वजनाचा नव्हे. एक टन म्हणजे 3.517 किलोवॅट दराने उष्णता ओढून बाहेर टाकायची क्षमता. खोली 12 बाय 8 मीटर, उंची 4 मीटर, भिंतींना आणि छताला 100 मिलिमीटरचं पफ पॅनल, म्हणजे पॉलीयुरेथेन फोम भरलेलं उष्णतारोधक पॅनल. एवढ्याशा खोलीला पंधरा टन मला पटेनात.

गटाचे अध्यक्ष म्हणाले, "मशीन मोठी असली तं बरंच हाय ना साहेब? आपल्या इकडचा उन्हाया तुमाले मालूमच हाय."

"काकाजी, उन्हाळा हिशोबात धरलाच पाहिजे. पण गरजेपेक्षा मोठी मशीन सारखी चालू-बंद होते. त्यात कंप्रेसर झिजतो, तापमान वर-खाली होतं. शिवाय विजेचा मंजूर भार मोठा घ्यावा लागतो, त्याचा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो, आणि कर्जाचा हप्ता वेगळाच."

मग उष्णतेचा हिशोब उलगडून बघितला. फळाची उष्णता बरोबर होती: रोज दहा हजार किलो संत्रा 30 अंशांवरून 6 अंशांवर आणायचा, तर साडेदहा किलोवॅट, म्हणजे तीन टन. पण भिंती आणि छतातून आत येणारी उष्णता 27.7 किलोवॅट लिहिली होती. पफच्या खोलीत भिंतीचा वाटा फळाच्या अडीच पट? हे उलटं असायला हवं. शोधत गेलो तर मूळ सापडलं. पफची उष्णतावाहकता, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, 0.277 वॅट प्रति मीटर केल्विन धरली होती.

हा आकडा शक्यच नाही. सागवानाची फळी 0.17 च्या आसपास असते, स्थिर हवा 0.026. पफच्या बारीक बंद पेशींत हवेपेक्षाही कमी वाहक वायू कोंडलेला असतो, म्हणून चांगलं पॅनल 0.023 पर्यंत उतरतं. कोटेशन मात्र सांगत होतं की हे पॅनल सागवानापेक्षाही वाईट.

पॅनलची डेटाशीट सोबत जोडली होती, अमेरिकी पद्धतीची. त्यात के-फॅक्टर, म्हणजे हीच वाहकता, 0.16, आणि पुढे बारीक अक्षरात एकक: बीटीयू-इंच, प्रति तास, प्रति चौरस फूट, प्रति अंश फॅरनहाइट. बीटीयू हे तिकडचं उष्णतेचं एकक. त्या एककातला 'इंच' कुणी वाचलाच नव्हता. अमेरिकी पद्धतीत क्षेत्रफळ चौरस फुटांत असतं, पण जाडी कधी फुटांत देतात, कधी इंचांत. फुटांत असेल तर वॅट प्रति मीटर केल्विनसाठी 1.7307 ने गुणायचं, इंचांत असेल तर 0.1442 ने. दोन्हींत बरोबर बारा पटींचा फरक. कोटेशनवाल्याने फुटाचा गुणक लावला होता.

गटाचा जमाखर्च बघणारा पोरगा बी.एस्सी. झालेला. "साहेब, हा 0.1442 आला कुठून?" त्याने विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला. असले गुणक पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः काढून पाहावेत. संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आम्ही दोघांनी मांडणी केली. एक बीटीयू प्रति तास म्हणजे 0.2931 वॅट. त्याला इंचाच्या 0.0254 मीटरने गुणलं. मग चौरस फुटाच्या 0.0929 चौरस मीटरने भागलं, आणि शेवटी एक अंश फॅरनहाइटच्या फरकाने, म्हणजे 0.5556 केल्विनने. उत्तर 0.1442.

"पण फॅरनहाइटातून 32 काहून नाही वजा केले?"

हेही त्याने नेमकं पकडलं. डेटाशीटवर 'सरासरी तापमान 75 अंश' लिहिलेलं होतं, तिथे 32 वजा करायचे. ते 24 सेल्सिअसला येतं. वाहकतेच्या एककात मात्र तापमान नसतं, दोन बाजूंच्या तापमानांतला फरक असतो. फरकातून 32 आपोआप गळतात, उरतो तो फक्त 1.8 चा भाग.

आता 0.16 गुणिले 0.1442, म्हणजे 0.023. बाहेर 45, आत 6 अंश. भिंती आणि छत मिळून 256 चौरस मीटर. उत्तर आलं 2.3 किलोवॅट. वर पत्र्याची शेड असणार, म्हणून छतापुरते 55 अंश धरून पुन्हा केलं, तरी अडीचच्या आसपासच राहिलं. फळाचं श्वसन, दार उघडणं, पंखे, दिवे आणि राखीव क्षमता असं सगळं धरून साडेसहा टनांत काम बसलं.

तिथूनच कोटेशनवाल्याला फोन लावला. त्याच्या संगणकातल्या तक्त्यात 1.73 हा गुणक कायमचा भरून ठेवलेला होता. चूक त्याने लगेच मान्य केली, पण मला राग आला तो त्या तक्त्याचा, कारण याआधी दिलेली कोटेशनंही त्याच तक्त्यावरची होती. ती सगळी काढून डेटाशीटशी ताडून बघा आणि ज्यांना दिली त्यांना कळवा, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

काकाजींनी कर्जाची मागणी कमी केली. मशीनचे जे पैसे वाचले, त्यातले काही दारापुढे छोटी पूर्वखोली बांधायला ठेवायचे असं गटाच्या बैठकीत ठरलं, कारण तोडणीच्या दिवसांत दार दिवसभर उघडं-बंद होणार, आणि भिंतीतून येते त्यापेक्षा जास्त गरमी तिथूनच आत शिरणार होती.