ट्यूबमधलं पाणी रंग धरेना म्हणून मी क्लोरीन टाकतच राहिले

घरच्या पूलमध्ये मी परवा जो घोळ घातला तो लिहून ठेवते, कारण टेस्ट किटच्या पुस्तिकेत ही गोष्ट एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात दिलीये आणि ती कोण वाचतं, मी तर नव्हतीच वाचली.

झालं असं की रविवारी मुलाचे मित्र आले. नऊ-दहा पोरं दिवसभर पाण्यात, वर सनस्क्रीन, घाम आणि आणखी काय काय ते त्या पोरांनाच माहीत. संध्याकाळी पाण्याला तो ओळखीचा वास यायला लागला. नवरा म्हणाला, क्लोरीन जास्त झालाय वाटतं गं. म्हटलं, उलट आहे ते. घाम-लघवीतल्या घाणीशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं, नाकाडोळ्यांना झोंबतं ते हेच, आणि ते घालवायला आणखी क्लोरीनच टाकावा लागतो, शॉक देतात तो. इथपर्यंत मला सगळं माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा जरा माजही होता.

हिशोबही पक्का होता. हजार लिटरला एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. आमचा पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी. पावडरमध्ये क्लोरीन ६५ टक्के, म्हणजे एक पीपीएम वाढवायला साधारण ६० ग्रॅम पावडर. ऊन पूर्ण उतरल्यावर ८०० ग्रॅम टाकली, आधी बादलीत पाणी घ्यायचं आणि मग त्यात पावडर, उलटं कधीच करायचं नाही, आणि पंप रात्रभर चालू ठेवला.

सोमवारी सकाळी टेस्ट. आमचं किट गोळ्यांचं आहे, म्हणजे ट्यूबमध्ये १० मिली पाणी, त्यात गोळी चुरडायची आणि गुलाबी किती गडद येतो ते तक्त्याशी ताडून बघायचं. रंगच नाही! पाणी नळातून घेतल्यासारखं नितळ. मला वाटलं, बापरे, पोरांनी इतकी घाण केली की सगळा क्लोरीन रात्रीतच खाऊन टाकला. म्हणून आणखी ४०० ग्रॅम टाकली, आणि तीही सकाळी सकाळी, डोक्यावर ऊन यायच्या वेळेला. संध्याकाळी परत टेस्ट केली तर परत शून्य. पीएच बघितला तर लाल यायच्या ऐवजी चक्क जांभळा, तक्त्यात नसलेलाच रंग. म्हणजे पीएच आभाळाला भिडलाय असं धरून मी अ‍ॅसिडचा कॅन काढायला निघाले, कारण पीएच चढला की क्लोरीन असून नसल्यासारखा होतो, ७.५ ला निम्मा तरी कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव भाग.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, आत्ता गुलाबी झालं होतं ना ते?"

म्हटलं कुठे? तर म्हणे गोळी पडल्या पडल्या झालं होतं आणि गेलं. परत गोळी टाकली आणि दोघांनी ट्यूबला डोळा लावला. खरंच की! गोळी विरघळताना एक गुलाबी ढग फुटला आणि बघता बघता पुसला गेला. तेव्हा कुठे मी ती पुस्तिका काढली. क्लोरीन फारच चढला की तो त्या रंगालाच ब्लीच करतो. म्हणजे शून्य दिसतं तिथे प्रत्यक्षात रग्गड असू शकतो, आणि पीएचचं जांभळं प्रकरणही त्याच क्लोरीनचं, खऱ्या पीएचचं नाहीच.

मग एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिसळून टेस्ट केली. गुलाबी आला, आणि टिकला. रीडिंग ३, गुणिले ५, म्हणजे १५ पीपीएम!! एरवी आम्ही २ ते ३ ठेवतो.

आता उतरवायचा कसा? थायोसल्फेट मिळतं त्यासाठी, पण ते प्रमाणाबाहेर पडलं तर नंतर टाकलेला क्लोरीनही गिळत बसतं, आणि माझा प्रमाणावरचा विश्वास त्या दिवसापुरता उडाला होता. म्हणून फक्त कव्हर काढलं, पोहणं बंद, बाकी ऊन बघून घेईल. स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन, नसता तर कडक उन्हात निम्मा क्लोरीन तासाभरातच उडतो, पण आमच्या पाण्यात तो ५० च्या आसपास आहे म्हणून निवांत उतरला, १५, ११, ८, ६, ४. बाय द वे, पूलमध्ये क्लोरीनसाठी ट्रायक्लोरच्या गोळ्या (टेस्टच्या नव्हे) वापरत असाल तर हा स्टॅबिलायझर प्रत्येक गोळीबरोबर पाण्यात साठत जातो आणि क्लोरीनसारखा उडून जात नाही, शंभरच्या वर गेला की क्लोरीन ३ असूनही पाणी हिरवं पडू शकतं आणि मग थोडं पाणी काढून नवीन भरण्याशिवाय फारसा इलाज नसतो. आणि त्या गोळ्यांचा चमचा पावडरच्या डब्यात चुकूनही घालू नका, दोन्ही एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटसुद्धा होतो. आमच्याकडे दोन डबे दोन वेगळ्या कपाटांत आहेत.

शनिवारी मुलाने स्वतःच टेस्ट केली. "आई, ३!" म्हणून ओरडला, मग थांबला आणि विचारलं, "पण खरं ३ का खोटं ३?" आणि माझ्या आधी त्यानेच डिस्टिल्ड वॉटरची बाटली उघडली. चार भाग, एक भाग, गोळी. अगदी फिका गुलाबी, एकच्याही खालचा. पाचने गुणायचं काम त्याने उडी मारता मारता केलं.