गौरीजेवणाच्या दिवशी तुंबलेली टाकी

११ सप्टेंबर २०२४, गौरीपूजनाचा दिवस. घरात आम्ही पाच आणि मुंबई-पुण्याहून आलेले चौदा, असे एकोणीस जण. मी घावनं घालत होते, आई घाटलं ढवळत होत्या, आणि धाकट्या जाऊबाई न्हाणीघरातून ओरडल्या, "ताई, जाळीतून पाणी वर येतंय! काळं पाणी!"

जाऊन पाहिलं तर न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येत होते आणि घोट्याएवढं पाणी साचलं होतं. तो वास काय होता ते सगळ्यांना कळत होतं. पुढच्या खोलीत नैवेद्याची पानं मांडलेली होती. तो दिवस आठवला की मला अजून वाईट वाटतं, कारण ते एका दिवसात झालेलं नव्हतं. संडासाची टाकी आम्हाला वर्षभर सांगत होती.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. जांभ्याचं जुनं घर, मागे पडवी, पडवीच्या पलीकडे विहीर. संडासाची टाकी मामंजींनी २००७ साली बांधून घेतली. ते गेले, आणि टाकी कुठे आहे, केवढी आहे, तिचं पाणी पुढे कुठे जातं, हे नीट ठाऊक असलेलं घरात कुणी उरलं नाही. सतरा वर्षांत ती एकदाही उघडली नव्हती. आमच्याकडे लोक अभिमानाने सांगतात, "आमची टाकी कधी भरतच नाही." मीही ते सांगत असे. जी टाकी कधीच भरत नाही, तिला बहुतेक वेळा खाली तळच नसतो. नुसता जांभ्याचा खड्डा असतो, सगळा मैला जमिनीत उतरत राहतो आणि जवळ विहीर असेल तर तिच्यापर्यंत पोचतो. आमच्या टाकीला तळ होता, म्हणून ती भरली.

पहिली खूण २०२३च्या पावसाळ्यातली. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की कमोडमधून गुडगुड आवाज यायचा आणि कमोडातलं पाणी जरा वर-खाली व्हायचं. हे म्हणाले, पाइपात हवा धरते. मग वास सुरू झाला, तोही मोठा पाऊस पडून गेल्यावर पहाटे. आम्ही टाकीतले वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप सहा फुटांनी वाढवला. वास थोडा वरून गेला, आणि प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो. पुढे फ्लश दोनदा ओढावा लागायला लागला. त्यावर मी दर पंधरा दिवसांनी अ‍ॅसिडची बाटली ओतायची. टाकीतला मैला जे जंतू कुजवतात, त्यांनाच मी त्या अ‍ॅसिडने मारत होते, हे मला नंतर कळलं.

सगळ्यात स्पष्ट खूण एप्रिलमधली. अंगण, बांध सगळं वाळून तांबडं पडलेलं असताना मागच्या कोपऱ्यात चार हातांचा एक पट्टा हिरवागार होता. तिथं अळू माजलं होतं. एवढी मोठी पानं उन्हाळ्यात बघून आईंना किती आनंद झाला! त्याच्या वड्या आम्ही दोनदा केल्या. त्या पट्ट्याखाली शोषखड्डा होता, टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत जिरवणारा. तो तुंबलेला होता आणि पाणी खाली जिरण्याऐवजी वर येत होतं. उन्हाळ्यात टाकीच्या पुढच्या अंगाला एकाच जागी ओल, गवत, डास दिसले तर दुसरं कारण शोधत बसू नये, असं मी आता सगळ्यांना सांगते.

तर त्या दिवशी. पानं उचलून ओटीवर नेली, गौरीला नैवेद्य दाखवला आणि लगेच घरातलं पाणी बंद केलं. नळ, मशीन, फ्लश, काहीही वापरायचं नाही. शेजारच्या दोन घरांनी आपले संडास उघडून दिले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दुपारी वाडीतला प्लंबर आला. त्याने आधी घर आणि टाकी यांच्यामधल्या चेंबरचं झाकण काढलं. म्हणाला, "काकी, हे चेंबर कोरडं असतं तर घरातल्या पाइपात काहीतरी अडकलंय म्हटलं असतं. हे काठोकाठ भरलंय. म्हणजे दुखणं पुढे आहे, टाकीत." त्या एका वाक्याने आमचे पैसे वाचले, नाहीतर आम्ही न्हाणीघराची फरशी फोडायला निघालो होतो.

मग प्रश्न आला टाकीच्या ढाप्याचा, म्हणजे झाकणाचा. २०१९ साली मागची पडवी काँक्रीट केली तेव्हा ढापे खाली गाडले गेले होते. टाकी बांधणारे गवंडी आता सत्तरीच्या पुढे आहेत. ते काठी टेकत आले, पडवीच्या खांबापासून सात पावलं मोजून म्हणाले, "हितं फोड." पहिल्याच घावाला ढाप्याची कडी लागली.

संध्याकाळी ओळखीतून एकाचा फोन आला. "सणाचे दिवस, मैला उपसायची गाडी मिळणार नाय. दोन माणसं पाठवतो, बादलीने काढतील. दोन हजार द्या, रातोरात काम." घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, तो वास. माझे यजमान हो म्हणायच्या बेतात होते. मी फोन हातातून घेतला आणि नाही म्हणून सांगितलं.

याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. बंद टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण तो वायू दाट झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वायू निघून गेला. दोन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो आणि पान उलटतो. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी कायदा नव्हता. माझ्या घरातला मैला काढायला कुणाचा तरी मुलगा त्या भोकातून खाली जाणार, आणि मी आत आरती म्हणणार, हे मला शक्यच नव्हतं. सणाचे दोन दिवस सगळ्यांनी शेजाऱ्यांकडे काढले. कुणी कुरकुर केली नाही.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि १३ तारखेला सक्शनची गाडी आली. वाट चिखलाची, त्यामुळे गाडी रस्त्यावर उभी करून नळी आणावी लागली. म्हणून फोन करतानाच विचारून घ्यावं की नळी किती फुटांची आहे. आम्ही विचारलं होतं, शंभर फूट पुरली. ढापा उघडल्यावर चालकाने सगळ्यांना वीस मिनिटं लांब उभं केलं. कुणाला विडी ओढू दिली नाही, कारण मिथेन पेटतो.

उपसा करण्याआधी मी त्याला गाळ मोजायला सांगितलं. उंच बांबूच्या खालच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून बाहेरूनच तो तळापर्यंत सोडला, जरा थांबून सावकाश वर काढला. टॉवेलवर काळ्या गाळाची रेघ उमटली होती, सव्वादोन फूट. वर तरंगणारी तीन इंच तेलकट साय.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. टाकी आतून सहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाण्याची खोली चार फूट. म्हणजे ७२ घनफूट, साधारण दोन हजार लिटर. आम्ही पाच जण दिवसाला पाचशे लिटर पाणी सोडतो असं धरलं, तर मोकळ्या टाकीत ते चार दिवस थांबतं. मैला खाली बसायला, तेलकट भाग वर तरंगायला निदान एक-दोन दिवस लागतात, म्हणजे चार दिवस भरपूर झाले. पण गाळाने आणि सायीने अडीच फूट खाल्ल्यावर मोकळी जागा उरली दीड फूट, साडेसातशे लिटर. पाच माणसांचं पाणी त्यात दीड दिवस थांबायचं. कसंबसं चालत होतं. एकोणीस माणसं आली आणि तेच पाणी दहा तासही थांबेना. मैला न बसताच पुढच्या खणात, तिथून शोषखड्ड्यात गेला, आणि आधीच तुंबलेला खड्डा पुरता बंद झाला. वर भाद्रपदातली भिजलेली जमीन, पाण्याची पातळी वर आलेली. पाणी जाणार कुठे?

आणखी एक चूक हिशेबातच सापडली. पूर्वी मोरीचं पाणी केळीला जायचं. नवीन न्हाणीघर बांधताना आम्ही आंघोळीचं आणि मशीनचं पाणी संडासाच्या लाइनीत जोडलं, दिसायला नीटनेटकं म्हणून. पाचशे लिटरांतलं निम्म्याहून जास्त पाणी तेच होतं. साबणाचं ते पाणी टाकीत जायची काहीच गरज नव्हती.

गाळ तळाशी चार इंच ठेवून बाकी उपसला. थोडा गाळ राहू द्यायचा असतो, नवीन मैला कुजवायला विरजणासारखा तो उपयोगी पडतो. धुवून-घासून टाकी चकचकीत करायची नसते. लगेच टाकीत पाणी भरून घेतलं. दुसऱ्या खणातून बाहेर जाणाऱ्या पाइपाचा टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, तुटून खाली पडलेला दिसला. सायीला अडवणारा तोच असतो, तो नवा बसवला. साडेतीन हजार रुपये झाले. मी चालकाला विचारलं, हे नेऊन कुठे ओतणार? तो घुटमळला. मी सांगितलं की प्रक्रिया केंद्रावर ओतल्याची पावती आणलीस तर वरचे पाचशे देईन. त्याने पावती आणली. माझी बहीण वाईला असते. तिकडे २०१८ पासून नगरपालिकेच्या व्यवस्थेत दर तीन वर्षांनी क्रमाने घराघरांतली टाकी उपसली जाते, सिन्नरलाही तसंच आहे. तिला कुणाला फोन करावा लागत नाही. आमच्या ग्रामपंचायतीत मी तसा अर्ज दिला आहे, पाठपुरावा चालू आहे.

खरी धडधड विहिरीची होती. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांकडून तपासणीची छोटी बाटली आणली, त्यात विहिरीचं पाणी भरून उबदार जागी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काळं झालं होतं. म्हणजे मैल्यातले जंतू पाण्यात होते. आई किती तरी वेळ त्या बाटलीकडे बघत राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या हेच पाणी पीत आल्या. शोषखड्डा विहिरीपासून मोजला तर तीस फूट भरला. भारतीय मानकात हे अंतर किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट सांगितलंय. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं, नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि तेव्हापासून पिण्याचं पाणी उकळायला लागलो.

नवा शोषखड्डा जानेवारीत खणला, जमीन सुकल्यावर. विहिरीपासून सत्तर फुटांवर, उताराच्या बाजूला. जुना खड्डा मोकळा करून दुरुस्त करता येईल असं सुचवणारे बरेच होते, पण विहिरीपासून तीस फुटांवरचा खड्डा मला पुन्हा चालू करायचा नव्हता. आंघोळीचं आणि मशीनचं पाणी वेगळं काढून माडांना दिलं. टाकीच्या ढाप्यांवर आता काँक्रीट नाही, नुसत्या उचलता येणाऱ्या फरश्या आहेत, आणि खांबावर ऑइलपेंटने लिहिलंय: ढापा सात पावलं, उपसा १३-९-२०२४. अ‍ॅसिड बंद. संडास घासायला ब्रश आणि थोडा साबण पुरतो. बाजारात टाकीत टाकायच्या पावडरी मिळतात, शेण टाका असंही लोक सांगतात. मी काही टाकत नाही. मैल्यात जंतू मुळातच असतात, आणि साठलेला गाळ कुठल्याही पावडरीने नाहीसा होत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स आणि तळणीचं तेल मात्र त्या वाटेने जाऊ देत नाही, पाहुण्यांनाही आधीच सांगते.

दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, बांबू आणि टॉवेल बाहेर निघतो. २०२५च्या मेमध्ये गाळ सात इंच होता. खोलीच्या एक-तृतीयांश, म्हणजे आमच्या टाकीत सोळा इंच झाला की गाडी बोलवायची, आणि गाळ कमी दिसला तरी तीन वर्षांवर थांबायचं नाही. त्याच महिन्यात विहिरीच्या पाण्याची बाटली पुन्हा भरून ठेवली. दोन दिवस झाले, रंग बदलला नाही. तरी पावसाळाभर उकळलंच.

१ सप्टेंबर २०२५ला गौरी जेवल्या. घरात सतरा माणसं होती. सकाळी घावनांचं पीठ भिजवायच्या आधी मी मागे जाऊन चेंबरचं झाकण उचललं. तळाशी दोन बोटं पाणी, टाकीकडे वाहत होतं. जाऊबाई पडवीतून बघत होत्या. "ताई, कसं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चालू आहे, या, बघा." त्या आल्या, वाकून त्यांनीही पाहिलं.