ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी वायर बघा

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१३५ आला, की 'सेन्सर गेला' असं ठरवून मोकळे होतात. हा कोड हीटरच्या, म्हणजे सेन्सरला आतून तापवणाऱ्या भागाच्या, सर्किटचा आहे. त्यात सेन्सरशिवाय फ्यूज, कनेक्टर, वायर आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) हेही येतात. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच पारा ४२-४३ वर. त्यात सायलेन्सरला टेकलेल्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं.

इथलं सगळं चार वायरच्या साध्या सेन्सरबद्दल आहे. पाच-सहा वायरचा वाइडबँड असेल तर हे आकडे लावू नका.

इंजिन थंड असताना कनेक्टर सोडवा. सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन वायर हीटरच्या. बॉश, एनटीकेमध्ये त्या बहुधा पांढऱ्या, डेन्सोमध्ये काळ्या. डेन्सोची एकटी पांढरी वायर सिग्नलची अर्थ असते, तिथे हमखास गल्लत होते. हीटरच्या दोन वायरमध्ये साधारण ३ ते १५ ओहम यावेत. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय, सेन्सर बदला. सिग्नलच्या वायरवर मात्र ओहम लावू नका.

आता गाडीच्या बाजूचा करंट. इग्निशन ऑन करून हीटरच्या सप्लाय पिनवर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. काही गाड्यांत ते इंजिन चालू असतानाच येतात. पण नुसत्या मीटरवर भरवसा नको. वायरीत तांब्याची एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवतो. त्या पिनवरून बॉडीला २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब मंद पेटला किंवा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडले, तर दोष वायरीत किंवा कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेत आहे.

सिग्नलसाठी कनेक्टर जोडा, मागून बारीक पिन घाला. वायरला टोचू नका, भोकातून पाणी शिरतं. मीटर सिग्नल आणि त्याच्याच अर्थमध्ये लावा, बॉडीवर नको. इंजिन गरम करून २५०० आरपीएमवर दोन मिनिटं ठेवा. पुढचा सेन्सर (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा) ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत हलायला हवा, मागचा (कन्व्हर्टरच्या नंतरचा) ०.६-०.७ च्या आसपास स्थिर असतो, त्याला हलत नाही म्हणून दोष देऊ नका. पुढचा ०.४५ वर थबकला असेल तर बऱ्याच गाड्यांत तो ईसीएमचाच व्होल्ट असतो: सेन्सर थंड आहे किंवा वायर तुटली आहे. ०.१ वरच चिकटलाय? झटका ॲक्सिलरेटर द्या. ०.८ पर्यंत उडी मारली तर सेन्सर जिवंत आहे; जास्तीची हवा कुठून शिरतेय ते बघायला मॅनिफोल्डची गॅस्केट, व्हॅक्यूम पाइप तपासा. सायलेन्सरच्या गळतीतून हवा आत ओढली गेली तरी रीडिंग खालीच राहतं.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आधी सिग्नल वायरचा जोड शोधा. किटसाठी वायर सोलून पिळा मारून टेप गुंडाळलेली सापडते, आणि दोष बहुतेक तिथेच असतो. तो जोड सोल्डरने नाही, क्रिंपने करा. अनेक सेन्सर बाहेरची हवा वायरच्या तारांमधून घेतात. सोल्डर किंवा कनेक्टरमध्ये भरलेलं ग्रीस तो रस्ता बुजवतं. वर हीट-श्रिंक चढवा आणि वायर सायलेन्सरपासून लांब क्लिपने बांधा.