२३९ वर दिसतं ते सगळं प्लुटोनियम नसतं

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, मातीतली किरणोत्सारी मूलद्रव्यं मोजायला सगळ्यात चांगलं मशीन कुठलं?" मी उलट विचारते, अर्धायुष्य किती, म्हणजे निम्मे अणू फुटायला किती काळ लागतो?

मास स्पेक्ट्रोमीटर अणू वजनानुसार वेगळे करतो; ते फुटायची वाट बघत नाही, आहेत तेवढे मोजतो. म्हणून अर्धायुष्य जितकं मोठं, तितकं त्याचं काम सोपं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, त्यामुळे एका बेकरेलला, म्हणजे सेकंदाला एक अणू फुटायला, त्याचे ८० मायक्रोग्रॅम लागतात. साधा क्वाड्रुपोल आयसीपी-एमएस (तापलेल्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन करणारा मास स्पेक्ट्रोमीटर) ते आरामात मोजतो. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य जेमतेम ३० वर्षं, आणि मातीतलं बेरियम-१३७ नेमकं त्याच वजनावर येतं. तिथे हौस करू नये. माती डब्यात भरावी, गॅमा डिटेक्टरवर ठेवावी आणि घरी जावं.

खरा घोळ प्लुटोनियमचा. त्याच्या २३९ आणि २४० वजनाच्या समस्थानिकांच्या अल्फा कणांच्या ऊर्जेत इतका किरकोळ फरक आहे की अल्फा स्पेक्ट्रोमीटरला दोन्ही एकच दिसतात. आणि आपल्याला तर त्यांचं गुणोत्तर (२४० भागिले २३९) हवं असतं, कारण प्लुटोनियम कुठून आलं ते त्यावरून कळतं. जुन्या अणुचाचण्यांची जगभर पसरलेली धूळ असेल तर ते ०.१८ च्या आसपास येतं. चेर्नोबिलचं असेल तर दुपटीहून जास्त. म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री आलीच. पण मातीच्या दर ग्रॅममागे दोन-तीन मायक्रोग्रॅम युरेनियम असतं आणि धुळीतलं प्लुटोनियम त्याच्या कोट्यंशाहून कमी. प्लाझ्मात युरेनियम-२३८ ला एक हायड्रोजन चिकटला की वजन झालं २३९! सेक्टर फील्ड (चुंबकाने आयन वळवणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर) वाले संवेदनशीलतेच्या बढाया मारतात, पण हे दोन वेगळे काढायला ३७ हजारांच्या घरातलं रिझोल्यूशन, म्हणजे जवळजवळची वजनं वेगळी ओळखायची ताकद, लागते. त्यांची धाव दहा हजारांपर्यंत. ट्रिपल क्वाडमध्ये (दोन क्वाड्रुपोलच्या मध्ये वायूची पेटी असलेल्या मशीनमध्ये) अमोनिया सोडला की युरेनियम त्याच्याशी जुळून बाजूला होतं, हे छान आहे. एएमएसमध्ये (अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्रीत) तर असे रेणू वाटेतच फुटतात, पण त्यासाठी अख्खा अ‍ॅक्सिलरेटर हवा.

माझा भरवसा टेवा रेझिनच्या, म्हणजे ठरावीक मूलद्रव्यं धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, बोटभर कॉलमवर. आधी प्लुटोनियम-२४२ चा ट्रेसर (किती प्लुटोनियम वाटेत हरवलं ते कळावं म्हणून मोजून घातलेला अंश) घालायचा, नमुना नायट्रिकमध्ये घेऊन प्लुटोनियम चौथ्या ऑक्सिडेशन अवस्थेत आणायचं, म्हणजे ते रेझिनला धरून बसतं आणि युरेनियम धुऊन जातं. धुताना कंटाळा केलात तर कोट्यवधींचं मशीनही खोटंच बोलणार.

प्लुटोनियम-२३८ ला मात्र अल्फाच. त्याचं आणि युरेनियम-२३८ चं वजन मशीनला एकच, आणि युरेनियमचा बारीकसा अंश तर कितीही धुतलं तरी राहतोच. म्हणून कोपऱ्यातला जुना अल्फा काउंटर भंगारात काढायचा कागद आला की मी सही करत नाही.